बारा मिनिटांनी डिंगोरे

पुणे ते बडोदा विमानाने सव्वा तास. सरळ रेषेत अंतर साधारण सव्वाचारशे किलोमीटर. हे मला तोंडपाठ आहे, कारण वडील दर महिन्याला विचारत आणि दर महिन्याला विसरल्याचं सोंग आणत.

माझी धाकटी बहीण बडोद्याला असते. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हापासून वडील तिच्याशी बोलत नव्हते. महिन्यातून एकदा ती कामासाठी पुण्याला यायची आणि शनिवारी दुपारच्या विमानाने परत जायची. डिंगोऱ्याला, आमच्या गावी, मात्र यायची नाही. आबांनी बोलावल्याशिवाय पाऊल टाकणार नाही, हे तिचं ठरलेलं. हट्टाच्या बाबतीत बापलेक एकाच मुशीतले. मी मधला निरोप्या, आणि मला त्या कामाचा मनापासून कंटाळा आला होता.

वडील तिची चौकशी करत नसत, विमानाची करत.

"किती टाइम लागतो म्हणला?"

"सव्वा तास."

"आन् आपल्याला पुण्याला जायला?"

"साडेतीन. त्यातला एक चाकणलाच जातो."

"म्हंजी आपण चाकणात अडकलोय, तवर ती घरी." एवढं बोलून ते गुरांकडे जात.

एकदा मी सहज बोलून गेलो की उडाल्यावर दहा-बारा मिनिटांत ते विमान आपल्या डोक्यावरूनच जात असेल. पुढच्या खेपेला, ती परतणार होती त्या शनिवारी, मी अवसरीहून नोकरीवरून घरी आलो, तर कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात तीन निळ्या ताडपत्र्या अंथरलेल्या. एकीला एक जोडून, कडेने धोंडे ठेवून. वर वाळत घातलेलं काहीच नव्हतं.

"हे काय, आबा?"

"ऊन द्यायचं व्हतं ताडपत्रीला."

बरं, म्हटलं. बाजूला जाऊन बहिणीला मेसेज केला : खिडकीतून खाली बघ, वावरात निळं अंथरलंय.

दुपारी वरून एक आवाज गेला. तेच विमान होतं की दुसरं, मी पैजेवर सांगणार नाही. वडील मात्र कपाळावर आडवा हात धरून आवाज विरेपर्यंत उभे होते.

बडोद्याला पोचल्यावर तिचा फोन आला. मधली सीट मिळाली होती. शेजाऱ्याच्या अंगावरून वाकून बघितलं, तर खाली नुसतं धुरकट. सांगताना ती रडत होती. मला वाईट वाटलं, आणि वडिलांना मी खोटं सांगितलं.

"आबा, दिसलं म्हणाली. निळं."

ताडपत्रीची घडी घालता घालता ते थांबले. "दिसलं?"

"हो."

"मंग आली का न्हाई?"

"आबा, विमान आहे ते. हात केला की थांबायला एसटी आहे का?"

ते हसले नाहीत. "पुण्यात तर उतरती ना दर महिन्याला? एवढं हातरून ठिवलं, तरी कळंना व्हय तिला?"

संध्याकाळी हे मी तिला शब्दाला शब्द सांगितलं. पहिल्यांदाच निरोप पोचवताना कंटाळा आला नाही. ती म्हणाली,

"चाकणला हल्ली किती वेळ जातो रे?"

"तास धर," मी म्हणालो. "पहाटे निघालीस तर कमी."