तुराटी आणि तुर्की : एका क्लबच्या नावाची दुरुस्ती

हिरेकोटच्या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहिणारा एकच माणूस आजवर झाला, आणि तो पंक्चर काढीत असे. आयुब दस्तगीर मोमीन यांचे दुकान नळदुर्गहून मुरुमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, फुटबॉलच्या मैदानासमोर आहे. सायकलींच्या काळात सुरू झालेले हे दुकान आता ट्रॅक्टरच्या ट्यूबवर चालते. चेंडूच्या फाटलेल्या ब्लॅडरला ठिगळ लावण्याचे काम मात्र तिथे पन्नास वर्षे फुकट होत आले.

आयुबभाई लेफ्ट हाफला खेळत. त्यांच्या खेळाविषयी गावात आख्यायिका नाहीत. चौतीस वर्षांत त्यांच्या नावावर दोन गोल आहेत, त्यांपैकी एक स्वतःच्याच बाजूला. हे दोन्ही गोल त्यांच्या वहीत तारखेसह, सारख्याच अक्षरात नोंदवलेले आहेत. या वहीचे गुण सांगायचे तर एवढे पुरे आहे.

दोनशे पानी जाड पुठ्ठ्याच्या या वहीत क्लबचा १९४१पासूनचा वृत्तांत आहे. जुना भाग म्हाताऱ्या खेळाडूंना विचारून लिहिलेला, १९७१नंतरचा स्वतः पाहिलेला. १९४८ या वर्षापुढे फक्त ‘खेळ नाही’ असे दोन शब्द आणि गाव सोडून गेलेल्या चार खेळाडूंची नावे आहेत. १९७२च्या दुष्काळात मैदानावर खडी फोडण्याचे केंद्र होते. त्या वर्षी खडीच्या ढिगांमधून उरलेल्या पट्टीवर सात-सात जणांचे सामने झाले. १९९३च्या भूकंपानंतर मैदानात तंबू पडले आणि गोलाचे आडवे वासे काढून त्यांवरून जखमी वाहून नेले गेले. २००२ साली जागतिक स्पर्धेत तुर्कस्तान तिसरे आले, तेव्हा हिरेकोटमध्ये जिलेबी वाटली गेली, आणि त्याच उत्साहात सोलापूरहून पांढऱ्या चंद्रताऱ्याचे लाल शर्ट शिवून आणले गेले.

जिलेबीचे कारण उघड होते. क्लबचे नोंदलेले नाव ‘हिरेकोट तुर्की फुटबॉल क्लब’ असे होते. वहीच्या पहिल्या पानावर या नावाची कथाही होती : निजामी अमलात गावच्या शाळामास्तरांनी थेट तुर्कस्तानला पत्र धाडले, तिकडून चामड्याचा एक चेंडू आला, आणि कृतज्ञतेपोटी क्लबला ते नाव दिले गेले. ही कथा आयुबभाईंनी ऐकली तशी लिहिली होती. पत्र कोणी पाहिले नव्हते, चेंडूही नाही. बाकी प्रत्येक नोंदीला दोन साक्षी शोधणाऱ्या माणसाने ही एक कथा मात्र साक्षीविना स्वीकारली. ती त्यांना आवडली होती, एवढेच त्याचे कारण दिसते.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात देशभर तुर्की मालावर बहिष्काराची भाषा सुरू झाली. सफरचंदांपासून सुरू झालेले प्रकरण आठवडाभरात हिरेकोटला पोचले. लाल शर्टांचा जुना फोटो कोणीतरी फोनवर फिरवला, आणि क्लबच्या नावाविरुद्ध नोंदणी कार्यालयात निनावी तक्रार गेली.

क्लबचे अध्यक्ष महांतेश पाटील यांनी रविवारी सकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बैठक बोलावली. महांतेश यांची मुरुमच्या बाजारात आडत आहे. चेंडूला पायाच्या आतल्या बाजूने कसे मारायचे, हे त्यांना लहानपणी आयुबभाईंनीच शिकवले होते. म्हणून खाजगीत आयुबभाई त्यांना ‘तू’ म्हणत आणि बैठकीत ‘तुम्ही’.

“तुर्कीच्या नावानं सफरचंद खपंना चाचा, तिथं आपला क्लब कसा खपावा?” महांतेश म्हणाले. “जुनी नोंद रद्द करू, नवी करू. दोन कागदांचं काम.”

“आन मैदान?” आयुबभाईंनी विचारले.

“मैदान कुठं जातंय? चाकं लावलीत का त्याला, तुमच्याकडं पंक्चरला यायला?”

सगळे हसले. आयुबभाई घरी गेले आणि त्यांनी आपल्याकडे ठेवलेल्या क्लबच्या कागदांतून मैदानाचे दानपत्र काढून वाचले. सव्वातीन एकरांचा तो तुकडा महांतेश यांचे आजोबा कल्याणप्पा पाटील यांनी १९४१ साली क्लबला दिला होता, आणि दानपत्रात एक अट होती : क्लब कायम आहे तोवर जमीन क्लबकडे राहील, क्लब मोडल्यास ती देणाऱ्याच्या वारसांकडे परत जाईल. जुनी नोंद रद्द होणे म्हणजे कागदोपत्री क्लब मोडणे. आणि वारस महांतेश होते.

आयुबभाईंना वाटले, महांतेशने हा कागद वाचलेला नसावा. ते दुसऱ्या दिवशी तो दाखवायला गेले.

“एवढं बारीक कोण वाचतंय, चाचा,” महांतेश म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली ती मात्र अटीचे कलम बरोबर वर येईल अशी.

नोंदणी कार्यालयात चौकशी केल्यावर आयुबभाईंना एक फट सापडली. नाव मुळातच चुकीचे उतरले असेल, तर त्याला ‘लेखनदोष’ म्हणतात. लेखनदोषाची दुरुस्ती होते; दुरुस्तीने संस्था मोडत नाही, तिची जुनी तारीख टिकते आणि म्हणून मैदानही टिकते. पण चूक होती कुठे? दानपत्रात नुसते ‘गावचा फुटबॉल क्लब’ असे होते, आणि ‘तुर्की’ हेच नाव त्यांनी जन्मभर उच्चारले होते.

त्यांचे वडील दस्तगीर हे अर्जनवीस होते. लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देण्यावर त्यांचे घर चाले. त्यांचे मसुदे एका पत्र्याच्या पेटीत पडून होते. आयुबभाईंचे शिक्षण सातवीपर्यंत उर्दूत झालेले, आणि वडिलांचे घसरते शिकस्ता वळण वाचू शकणारे आता गावात तेच एकटे. चार दिवस त्यांनी ती पेटी उपसली. क्लबच्या मूळ अर्जाचा मसुदा निघाला तो वडिलांच्याच हातचा.

“मिल्या क्या कुछ?” त्यांच्या पत्नी हमिदाबी यांनी विचारले.

“मिल्या. पन तुर्कीच लिखेला है.”

तीनदा वाचूनही त्यांनी ‘तुर्की’च वाचले. डोळ्यांना तेवढेच माहीत होते. मग खालच्या ओळीवर ते अडखळले. तिथे लिहिले होते : गोलाचे खांब अमुकचे असल्याने गावात क्लबला हेच नाव पडले आहे. खांब तुर्कीचे कसे असतील? त्यांनी भिंग आणून अक्षरे एकेक करून सोडवली. ते, रे, अलिफ, टे, ये. तुराटी. तूर झोडपून झाल्यावर राहते ती वाळकी काटकी. पहिल्या खेळाडूंनी तुराट्यांच्या पेंढ्या बांधून गोलाचे खांब रोवले होते, आणि गावाने त्यांना तुराटी क्लब म्हटले होते. शिकस्ता लिहिताना न जोडायची अक्षरेही जोडली जातात. अलिफ पुढच्या टेला चिकटला आणि टेवरची खूण तिरपी पडली, की तिथे काफ, म्हणजे ‘क’ दिसतो, आणि तुराटीची तुर्की होते. पुढे भाषावार प्रांत झाले, जुनी दप्तरे देवनागरीत उतरवली गेली, तेव्हा कोणा कारकुनाने जे दिसले ते लिहिले. चूक वाचणाऱ्याची होती, आणि तिला जागा दस्तगीर अर्जनवीसांच्या अक्षराने दिली होती.

आयुबभाईंनी आपल्या वहीचे पहिले पान आधी खोडले. चेंडू, पत्र आणि शाळामास्तर यांवर एकच आडवी रेघ, खाली तारीख आणि सही. नंतर ते महांतेशच्या घरी गेले. महांतेश बाजारात होते. ओसरीवर त्यांच्या आई उमादेवी बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, घरात कन्नड बोलणाऱ्या.

“तोगरी टीमचा आयुब न्हवं का तू?” त्यांनी डोळे बारीक करून विचारले.

आयुबभाई पायरीवरच थांबले. “काय म्हणालात, अव्वा?”

“तोगरी टीम. आमचे मामंजी तसंच म्हणायचे. तोगरी म्हंजे तुमची तूर की रं. तुराट्या रोवून खेळायचे म्हणं पैल्यांदा. वाऱ्यानं गोलच पडायचा, मग भांडणं. गोल झाला का गोल पडला.” त्या हसल्या.

ज्या घरात क्लबचे नाव कन्नडमध्ये भाषांतरित होऊन वापरले गेले, तिथे ते अचूक राहिले होते. तुर्काला कन्नडमध्ये कोणी तोगरी म्हणत नाही. लेखी पुराव्याला इतकी स्वतंत्र साक्ष एखाद्या पंडितालाही क्वचित मिळते.

“सायबापुढं हे सांगाल का?”

“सांगते की. मला काय भ्या हाय? महांतेशला म्हणावं, गाडीतून न्हे मला.”

नावाच्या दुरुस्तीसाठी केलेल्या अर्जाची सुनावणी ऑगस्टमध्ये झाली. महांतेश एकटेच आले.

“अव्वा?” आयुबभाईंनी विचारले.

“तिला जिना चढ-उतार व्हत न्हाय, चाचा.”

कार्यालय तळमजल्यावर होते.

अधिकाऱ्यांनी मसुदा उलटसुलट पाहिला. “हे वाचलं कोणी?”

“मी, साहेब.”

“आणि लिहिलं?”

“माझ्या वडलांनी.”

“म्हणजे लिहिणारे वडील, वाचणारा मुलगा. मधे तिऱ्हाईत कोणी?”

“मधे तुमचा कारकून होता, साहेब. त्यानंच तर चुकीचं वाचलं.”

अधिकारी हसले नाहीत. ते महांतेश यांच्याकडे वळले. “अध्यक्ष, तुमच्या घरी कन्नड बोलतात. हे म्हणतात, तुमच्याकडे क्लबला तुरीवरून नाव होतं. खरं आहे?”

महांतेश यांनी क्षणभर आयुबभाईंकडे पाहिले. “म्हातारी माणसं कशालाबी कायबी म्हणतात, साहेब. कागदावर जे असंल ते खरं.”

कागदावर काय आहे हे ठरवण्यासाठी मसुदा एका मोठ्या शहरातल्या मान्यताप्राप्त अनुवादकाकडे गेला. दीड महिन्याने शिक्क्यानिशी भाषांतर आले. त्यात लिहिले होते : ‘गोलाचे खांब तुर्की पद्धतीचे असल्याने गावात क्लबला हेच नाव पडले आहे.’

आयुबभाईंनी अनुवादकाला फोन लावला. गृहस्थ सभ्य होते. अक्षर फार खराब आहे हे त्यांनी मान्य केले, अलिफ असू शकतो हेही मान्य केले, पण शब्दकोशापाशी ते अडले. “लेकिन जनाब, तुराटी कोई लफ़्ज़ नहीं है. मैंने तीन लुग़त देखे.”

“लुगत में नहीं है साहब, खेत में है,” आयुबभाई म्हणाले.

“खेत का मैं सर्टिफ़िकेट नहीं दे सकता.”

डिसेंबरात दुरुस्ती नाकारली जाऊन जुनी नोंद रद्द झाली. जानेवारीत मोजणी होऊन मैदानात दगड रोवले गेले. रस्त्याकडचा दीड एकर दुकानांच्या रांगेसाठी आखला गेला. त्यामुळे आयुबभाईंच्या दुकानासमोर आता पायाचे खड्डे आहेत. मागचा भाग ‘कै. कल्याणप्पा पाटील क्रीडा मंडळ’ या नव्या संस्थेला वारसांच्या मर्जीने वापरायला मिळाला. फलकावर ‘स्थापना २०२५’ असे आहे. उद्घाटनाच्या स्मरणिकेसाठी महांतेश यांनी आयुबभाईंची वही मागितली. आयुबभाईंनी ती दिली नाही. ‘स्थापनेआधीचा मजकूर कुठं छापणार?’ एवढेच त्यांनी विचारले.

पायाचे खड्डे खणायला घेतले त्या दिवशी महांतेश स्वतः दुकानात आले. बाकड्यावर बसले. म्हणाले, “चाचा, तुमी खरं बोलत हुता हे मला म्हाईत न्हाय का? आजोबाच्या तोंडून तोगरीच ऐकलंय म्या.”

“मग बोलला का न्हाईस?”

“इचारलं ते सायबानं. तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

आयुबभाई हातातली ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे पाहत राहिले. महांतेश यांनी खिशातून मंडळाच्या सभासदत्वाचा छापील अर्ज काढून बाकड्यावर ठेवला. जुन्या खेळाडूंनाही नव्याने सभासद व्हावे लागणार होते.

अर्ज दोन दिवस घरात पडून होता.

“भरते नईं तो फाड डालो,” हमिदाबी म्हणाल्या.

“फाड्या तो बोलेंगे, आयुब रूठ गया. नोंद में कुछ नईं रहता.”

“और भरे तो क्या रहता?”

“जो मैं लिख्या वो.”

मंडळाच्या उद्घाटनाला मागच्या मैदानात मांडव होता. टेबलामागे महांतेश स्वतः अर्ज घेत होते. आयुबभाईंनी आपला अर्ज दिला. अक्षर वळणदार, एकही खाडाखोड नाही. नाव, वय एकोणसत्तर, पत्ता, व्यवसाय. ‘फुटबॉलचा पूर्वानुभव, वर्षे’ या रकान्यात, सरकारी कागदावर जिथे काहीच नसते तिथे लिहितात तो शब्द होता : निरंक.

महांतेश यांनी तो वाचला. मान वर केली, आजूबाजूला पाहिले. मांडवातली दोनतीन जुनी मंडळी अर्जावर वाकली आणि तशीच मागे सरली.

“हे काय, चाचा?”

“क्लब पंचवीस साली निघाला. त्याच्या आदी कुटं खेळणार मी?”

महांतेश यांनी पेनचे टोपण काढले. अर्जाच्या खाली तीन चौकटी होत्या : ज्येष्ठ, अनुभवी, नवोदित. त्यांनी थोडा विचार केला, मग शेवटच्या चौकटीत बरोबरची खूण केली, शिक्का मारला आणि पावती आयुबभाईंच्या हातात दिली.

“पुढचा,” ते म्हणाले.