पारूवहिनीची कुऱ्हाडबंदी

दादाचा फोन आला तेव्हा मी हुपरीत, घरी, पैंजणांना घुंगरं लावत बसले होते. रविवार होता. आमच्याकडे घरोघरी चांदीचंच काम. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी असली की मीही नवऱ्याच्या हाताखाली बसते. दादा मुळात फोनवर फार बोलत नाही. "सुमे, तुझी वैनी डोंगरावरनं पडली. ये," एवढंच म्हणाला. दवाखान्यात नेलंय का, असं मी विचारलं. म्हणाला, "नेलीया. पर आता त्याचा काय उपेग न्हाय." मला रडू आलं नाही. आधी मनात आलं ते हेच, की अखेर झालं. असं मनात यावं याचा मला अजून राग येतो, पण खोटं कशाला लिहू? गेली काही वर्षं या फोनची मला धास्ती होती.

पारूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मुरगूडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते आणि घरात माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाचं कौतुक झालेलं मला खपत नसे. तिला ते पहिल्या दिवशीच कळलं. "वन्सं, तुमचा मान तुमच्यापाशी. मला निस्ता भाऊ द्या," म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली. तिचा आवाज मोठा, आमटी जहाल आणि चालणं असं की बरोबर जाणाऱ्याला पळावं लागे. दादा घुम्या. "तुमच्या भावाचं दिसभराचं बोलणं एका कप चहात आटपतंय," असं ती त्याच्या तोंडावर म्हणायची आणि तोही मिशीत हसायचा. त्यांना मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल गावानं तिला जे ऐकवायचं ते ऐकवलं, ते इथे लिहीत नाही.

डोंगर तेव्हा बोडका होता. जळणासाठी बायका पार पलीकडच्या उतारापर्यंत जायच्या आणि ओल्या फांद्यांच्या मोळ्या घेऊन यायच्या. मग नव्वदच्या दशकात वनखात्याची माणसं आली. गावानं डोंगर राखायचा, त्यासाठी समिती करायची आणि समितीत बायका हव्यातच, असं त्यांनी सांगितलं. गावचे पुढारी तात्या. पांढरेशुभ्र कपडे, बोलणं एकदम मऊ. त्यांनी सरळ अध्यक्षपदावरच बाई बसवली आणि त्यासाठी पारूवहिनीला निवडलं. घुम्या नवऱ्याची, पोरंबाळं नसलेली बाई, पुढंमागं कुणी नाही, असा हिशेब असणार. "वैनी, तुम्ही काय बी करायचं न्हाय. सही करायची, च्या प्यायचा," असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान डोलावली. आठवड्याच्या आत तिनं गावातल्या बायका आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात गोळा केल्या आणि कुऱ्हाडबंदी जाहीर केली.

डोंगरावर विळा न्यायचा, कुऱ्हाड न्यायची नाही. गवत कापा, वाळक्या काटक्या वेचा, पण बुंध्याला हात लावायचा नाही. दोन-दोन बायकांनी पाळीपाळीनं राखण करायची आणि कुणी कुऱ्हाड घेऊन सापडला तर ती काढून घेऊन आमच्या घरामागच्या परड्यातल्या खोलीत ठेवायची. इथवर ठीक होतं. पण पुढचा नियम बायकांनी आपल्या मनानं जोडला: कुऱ्हाड परत मिळेल, पण ती न्यायला त्या घरातल्या बाईनं यायचं आणि पुन्हा असं होणार नाही असं सगळ्यांसमोर कबूल करायचं. बायकोला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं की गड्याला लाज वाटेल, असं त्या भोळ्या बायकांना वाटलं. गड्यांना लाज वाटली नाही, संताप आला. आणि तो कुणावर निघाला असेल हे सांगायला नको. वहिनीच्या जोडीला राखणीला जाणारी अंजना एका सकाळी नवऱ्याची कुऱ्हाड न्यायला आली तेव्हा तिचा एक डोळा सुजून बंद झाला होता. वहिनीनं कुऱ्हाड दिली नाही. तिला चुलीपाशी बसवून चहा पाजला आणि बाहेर येऊन गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हितनं म्होरं बाईमाणसानं यायचं न्हाय. ज्याची कुऱ्हाड हाय त्यानं सोत्ता यावं की माझ्या दारात!"

कुणी आलं नाही. एका बाईच्या दारात जाऊन हात पसरायचा म्हणजे काय गंमत आहे? सगळ्यांनी नव्या कुऱ्हाडी केल्या आणि जुन्या त्या खोलीत साठत गेल्या. मी माहेरी गेले की मला तिथे अंगावर काटा यायचा. भिंतीला ओळीनं टेकवून ठेवलेल्या कुऱ्हाडी आणि प्रत्येकीमागे गावातलं एकेक घर. "ह्या देऊन टाक कुणाला तरी," असं मी किती वेळा सांगितलं. ती म्हणायची, "लोकांची चीज हाय वन्सं. आपण कशी द्यायची?"

डोंगराचं मात्र सोनं झालं. तोडलेल्या खुंटांना धुमारे फुटले, ऐन वाढला, हिरडा, जांभूळ वाढलं. वरच्या झऱ्याला उन्हाळ्यातही पाणी राहू लागलं. वनखात्याचे साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे आणि वहिनीला नारळ द्यायचे. पण झाडांचे बुंधे जसे भरत गेले तशी गावाची नजर बदलली. बोडक्या डोंगराची राखण करणारी बाई कुणाच्या डोळ्यांत खुपत नव्हती. आता तिथे लाकूड उभं होतं. राखणीच्या बायका एकेक करून गळाल्या. कुणाची सासू आजारी, कुणाच्या नवऱ्यानं घातलेली शपथ. शेवटी अंजना आणि वहिनी, दोघीच उरल्या.

मग एका सकाळी आमच्या उंबऱ्यावर कुऱ्हाड आढळली. ती कुणाकडून जप्त केलेली नव्हती. नुकतीच धार लावलेली, आणि पातं घराकडं. वहिनी हसली. "बगा, आता घरपोच यायला लागल्या," म्हणाली आणि ती उचलून खोलीत ठेवली. पुढच्या महिन्यात दुसरी आली. पुन्हा काही दिवसांनी तिसरी. दादानं अंगणात झोपायला सुरुवात केली. तात्या रस्त्यात भेटले की हात जोडून म्हणायचे, "वैनी, एकट्या वर जात जाऊ नगा. निसरडं असतंय. जपून." त्यांच्या बोलण्यात कुठं बोट ठेवायला जागा नसायची.

आमची शेवटची भेट दिवाळीतली. आम्ही दोघी वर झऱ्यापाशी गेलो होतो. येताना ती सारखी मागं वळून बघत होती. ही बाई कधी मागं वळून बघत नसे. मी थांबले आणि विचारलं, "वैनी, भ्या वाटतं का?" ती लगेच म्हणाली, "व्हय. लई वाटतं." मी म्हटलं, सोड मग, राजीनामा दे, तुला काय नडलंय? तिनं एका ऐनाच्या सालीवर हात ठेवला. "मी खाली बसले की एका उन्हाळ्यात संपतंय हे, वन्सं. पंचायतीला पर्वा न्हाय, खात्याला न्हाय... आन् तोडणाऱ्यास्नी निस्तं निमित्त पायजे." मग ती पुन्हा उतरू लागली.

वहिनी गेली त्या दिवशी अंजना राखणीला आली नाही. नवऱ्यानं बाहेरून कडी घातली होती, हे तिनं मला नंतर सांगितलं. वहिनी एकटीच वर गेली. ओढ्यावरच्या कड्याखाली ती सापडली. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. पोलीस आले, पंचनामा झाला, अपघात ठरला. मी काही पाहिलेलं नाही, म्हणून मी काही म्हणत नाही. पण ज्या वाटेवर ती डोळे मिटून चालली असती तिथे तिचा पाय घसरला, हे ऐकायला मला फार जड जातं.

दवाखान्याचं उरकून दुपारी तिला घरी आणलं. आमच्या भागात माणसाला शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर, दहन देतात. वहिनीनं तर स्वतःसाठी शेणी थापून परड्यात रचून ठेवल्या होत्या आणि डोंगराची काटकीही नको, असं दादाला बजावलं होतं. मी ते सांगितलं. तेवढ्यात तात्या पुढं झाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "डोंगर वैनींनी राखला. त्यास्नी डोंगराचंच लाकूड पायजे. शेणीवर जाळायला त्या काय साध्या बाई हाईत व्हय?" लोक माना डोलावू लागले. मी म्हटलं, "तिनं नको म्हटलं होतं." तात्या म्हणाले, "सुमनताई, आज वाद नगं. मानाचा परश्न हाय." मी दादाकडं पाहिलं. तो कुठेच बघत नव्हता. कुणीतरी त्याला दंडाला धरून उठवलं आणि त्यानं परड्यातल्या खोलीची कडी काढली.

गडी आत गेले. इतक्या वर्षांत एकानंही आपली कुऱ्हाड ओळखून मागितली नव्हती. त्या दिवशी प्रत्येकानं खोलीतल्या अंधारातही आपलीच उचलली.

आम्ही बायका तिच्याभोवती बसलो होतो आणि वरून घाव ऐकू येत होते. एक थांबला की दुसरा. अंजना माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, एका सरणाला किती लाकूड लागतंय ओ?" तिला घरून सोडलं होतं, कारण आता तिनं कुठं जायचं राहिलं नव्हतं. तिन्हीसांजेच्या आत वहिनीला नेलं. ओलं लाकूड जळत नाही हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? सरणावर चढलं ते तात्यांच्या खळ्यातलं वाळकं लाकूड. डोंगराचं लाकूड तिच्या अंगाला लागलंसुद्धा नाही. पुरुष सगळे ओढ्याकाठच्या मसणवट्यात गेल्यासारखे वाटत होते, धूर दिसत होता, आणि डोंगरावर घाव पडतच होते.

परवा मी पुन्हा जाऊन आले. उतार अर्धा मोकळा झालाय, वाटेवर ट्रॉलीच्या चाकोऱ्या पडल्यात. समितीला नवी अध्यक्ष मिळालीय, अंजनाच. तात्यांनीच तिचं नाव सुचवलं म्हणे. परड्यातली खोली उघडी होती आणि भिंतीवर कुऱ्हाडींच्या दांड्यांचे तेलकट डाग तेवढे राहिलेत. बाजूला शेणींची रास तशीच. प्रत्येक शेणीवर वहिनीच्या हाताचा पंजा उमटलेला, पाची बोटं स्पष्ट. मी एकीवर माझा हात ठेवून पाहिला. तिचा पंजा माझ्यापेक्षा बराच मोठा होता.

चुलीला जळण नव्हतं म्हणून मी दोन शेणी उचलल्या. दादा दारात उभा होता. त्या दिवसापासून तो माझ्याशी धड बोललेला नव्हता. जवळ आला आणि माझ्या हातातून शेणी काढून घेऊन त्यानं पुन्हा जागच्या जागी ठेवल्या.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला. "मी गेलो की ह्याच लाव. त्यास्नी आणि एक निमित्त देऊ नगंस."