डायनासोरची कास

सयाजीनं कुठलंही जनावर रंगवलं तरी शेवटी त्याची म्हैसच होते, हे शिवाजी पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांत आधी खुद्द सयाजीला. तालमीच्या दारावर त्यानं सिंह काढला तेव्हा पोरांनी विचारलं, "आप्पा, धार किती देतोय?" ब्रश पुसत सयाजी म्हणाला, "सकाळी पाच लिटर, सांजच्याला चार. आन् लाथ मारत न्हाय."

त्याचा तरी काय इलाज? जन्म म्हशीत गेलेला. घरामागच्या परड्यात म्हैस, दिवाळीच्या पाडव्याला गल्लीभरच्या म्हशींची शिंगं रंगवायची, बाकी वर्षभर उसाच्या ट्रॉल्या. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर, अगदी खालच्या कोपऱ्यात तो 'सयाजी आर्टिस्ट' लिहायचा. शिरोळच्या एका फेरीत त्यावर चिखल बसायचा आणि नुसतं 'टिस्ट' उरायचं. "आपली कीर्ती चाकाच्या उंचीची," असं तो स्वतःच सांगत फिरायचा. पण सांगून झाल्यावर त्याचं हसू जरा लवकर विझायचं. एकदा तरी आपलं नाव चिखल पोचणार नाही अशा जागी लागावं, एवढीच त्याची हाव.

म्हणून शाळेतल्या त्रिशला मॅडम पुस्तकाचं काम घेऊन दारात आल्या तेव्हा तो ताडकन उठला.

"सयाजीराव, मुलांसाठी डायनासोरच्या गोष्टी लिहिल्यात. चित्रं तुम्ही काढाल? नाव मुखपृष्ठावर येईल. पण प्रकाशकांना आधी एक नमुना दाखवायचाय. पसंत पडला नाही, तर ते चित्रं कॉम्प्युटरवर करून घेणार."

"बघतो की," सयाजी म्हणाला, आणि मॅडम गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत तालमीत सांगूनही आला.

मॅडमनी दिलेल्या फोटोंतलं त्यानं तीन शिंगांचं जनावर निवडलं. गोष्ट अशी, की आई घरट्यापाशी बसलीय आणि पिल्लू नुकतंच बाहेर आलंय.

"दोन शिंगं रोजची वळखीची," तो बायकोला, संयोगिताला म्हणाला. "नाकावर तेवढं एक जादा."

"काढा. फकस्त पेंड घालाय जाऊ नगा म्हंजे झालं."

चित्र झालं. काळीभोर तकाकी, शिंगांची टोकं पाडव्यासारखी तांबडी. मॅडमनी बराच वेळ बघितलं.

"सयाजीराव, पोटाखाली हे काय?"

"कास."

"डायनासोरला?"

"आई हाय न्हवं ती? मग! भरल्याली काढलीय."

"अहो, ती अंडी घालते! तिला दूध कुठलं?"

सयाजीनं चित्राकडं पाहिलं. कासेचे चारी सड कसे निगुतीनं उतरले होते. आख्ख्या चित्रात तेवढंच खरं जमलं होतं. आतून संयोगिता खदाखदा हसली. "आवो, आमलेट देणारी म्हैस काढली की तुम्ही!"

"उद्या पाठवायचंय," मॅडम हळूच म्हणाल्या. "नाहीतर…"

नाहीतर काय, ते सयाजीला पाठ होतं. मॅडम गेल्यावर त्यानं कास खरवडून तिथं काळा रंग मारला. पण आता जनावर भाकड दिसायला लागलं. दूध नसलेली आई त्यानं कधी काढलीच नव्हती. मग हिनं पोरासाठी करायचं तरी काय? रंगाचा डबा घेऊन तो परड्यात जाऊन बसला. म्हैस त्याच आठवड्यात व्यालेली. रेडकू धडपडत होतं आणि ती मान तिरकी करून त्याला चाटत होती.

"चाटायला काय दूध लागत न्हाय," सयाजी पुटपुटला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी चित्र बघून मॅडमनी विचारलं, "हिनं मान अशी वाकडी का केलीय?"

"शिंगं लागतील की पिल्लाला. आन् हितं तर तीन हायत."

सयाजीनं भीतभीत शिंगांच्या तांबड्या टोकांवर बोट ठेवलं. "ह्ये पुसू?"

"राहू दे. डायनासोरचा रंग कुणी बघितलाय?"

पुस्तक छापून आलं त्या दिवशी सयाजी आधी तालमीत गेला. पोरं वाटच बघत होती.

"आप्पा, धार…"

"भाकड हाय," सयाजी आधीच म्हणाला. "पण अंडी घालतीय. दुधाची किटली ठेवा बाजूला, अंड्यांना बुट्टी आणा."

तालीम हसून लोळली. सयाजीनं रंगाचे हात पँटीला पुसले आणि मागच्यांनाही दिसावं म्हणून पुस्तक डोक्याच्या वर धरलं.

"वाचा रं. आख्खं नाव हाय."