वृंदाने निवडलेला एडिटर

श्रीकांतचा फोन आला तेव्हा मी भाजी आणायला निघालेलो. माझा मेहुणा तसा बोलका माणूस, पण त्या दिवशी एवढंच म्हणाला, "दादा, वृंदा गेली." झोपेतच गेली होती... मी पिशवी घेऊन जिन्यातच बसून राहिलो. आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे तिने किती सोसलं ते बोलतात. मला मात्र तिच्या हट्टाबद्दल सांगावंसं वाटतं, कारण धाकट्या बहिणीचा इतका अभिमान मिरवायला मिळावा असे भाऊ थोडेच असतील.

लहानपणीच पोलिओने वृंदाचा डावा हात निकामी केला. डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत तिची वेणी तेवढी आई घालायची, बाकी सगळं ती उजव्या हाताने निभवायची. कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकली, आणि चांगलं शिकली. आईला वाटायचं, हिने घरी शिकवण्या घ्याव्यात, उगाच धावपळ नको. पण नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ठाण्याला नौपाड्यातल्या एका छोट्या कंपनीने लिनक्स या नव्या संगणक प्रणालीवर काम सुरू केलं, माणसं हवी होती, आणि वृंदा परीक्षेला जाऊन आली. आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. प्रोग्रॅम ज्यात टाइप करायचा तो एडिटर सगळ्यांनी एकच वापरायचा, असा तिथल्या साहेबांचा नियम होता. एकाचं अडलं तर दुसऱ्याला चटकन हात देता यावा म्हणून. तो एडिटर होता ईमॅक्स. त्यात बारीकसारीक कामालाही एक बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसरं दाबायचं. दोन्ही हात चालणाऱ्याला त्यात काही वाटत नाही. वृंदाचं उत्तर डोक्यात तयार होतं, बोटं पुरली नाहीत, आणि वेळ संपला.

मी म्हटलं, साहेबांना सांगून जास्त वेळ मागून घेऊ. ती म्हणाली, "हात बदलता येत नाही, दादा. एडिटर बदलता येतो."

माझ्या कॉम्प्युटरवर मित्राकडून आणलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलेलं होतं. पुढचे काही दिवस ती त्यातला एकेक एडिटर उघडून बघत होती. एकात माउस सारखा हातात घ्यावा लागायचा, की टाइप करणं थांबलंच. ईमॅक्स तिला खरं तर आवडलेला, सोडताना ती हळहळली. व्हीआय नावाचा एडिटर उघडला तेव्हा काही टाइपच होईना, नुसते बीप वाजत राहिले. बाहेर कसं पडायचं तेही कळेना, शेवटी मी मशीनच बंद केलं. दोघंही खूप हसलो. पण दुसऱ्या दिवशी तिने त्याची माहिती शांतपणे वाचून काढली, आणि मी स्वयंपाकघरात होतो, तिथून मला हाक मारून बोलावलं. त्यात जवळपास सगळंच एकामागून एक दाबायचं होतं... शब्द खोडायला आधी एक अक्षर, मग दुसरं. जिथे दोन बटणं लागत होती तिथे तिने स्वतःच एक नेमून टाकलं. "हा थांबतो, दादा," ती म्हणाली. "एक दाबलं की पुढच्याची वाट बघतो."

महिनाभर सराव करून ती पुन्हा नौपाड्यात गेली. साहेबांना म्हणाली, वेळ सगळ्यांना देता तेवढाच द्या, एडिटर माझा. ते आढेवेढे घेत होते, नियम सगळ्यांना सारखा म्हणत होते. अखेर बसू दिलं आणि स्वतः मागे उभे राहिले. वृंदाने प्रोग्रॅम पुरा केला, चालवून दाखवला, आणि उरलेल्या वेळात प्रश्नातलीच एक चूक काढून दिली. त्याच आठवड्यात तिला कामावर घेतलं. पुढे तो नियमही मोडला. ज्याने त्याने आपल्याला जमेल तो एडिटर घ्यावा, असं साहेबांनीच सांगितलं, आणि नव्याने आलेल्यांना शिकवायचं काम वृंदाकडे दिलं. आईने ही बातमी चाळीत घरोघरी जाऊन सांगितली.

परवा डोंबिवलीजवळच्या कोपरला श्रीकांतकडे गेलेलो. तिच्या टेबलाशी बसलो. कीबोर्ड उजव्या कडेला सरकवलेला, तिच्या हाताला सोयीचा. डावीकडे मोकळी जागा, जिथे ती आपला दुसरा हात उचलून ठेवायची. त्या हाताने कधी एक अक्षर टाइप केलं नाही. पण इतक्या वर्षांत तिथला सनमायका झिजून गुळगुळीत झालाय. मी बराच वेळ त्यावर तळवा टेकून बसलो...