दाजींचा निळा रंग

दाजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कचेरीत चहा ढवळत होतो. चमचा तसाच हातात राहिला... दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, कॉलेजात रसायनाचे प्रयोग दाखवणारे.

सात-आठ वर्षांपूर्वी त्यांनी उचगावच्या वाटेवरच्या बर्फाच्या कारखान्यातून द्रवरूप अमोनिया आणला, तो शुद्ध केला आणि काचेच्या दुहेरी भांड्यात सोडियमचा खडा टाकला. मी त्यांना भेटायला कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो होतो, शेजारीच उभा होतो. शाईपेक्षा गर्द निळा रंग उतरला! "मेव्हणं, हा रंग सोडियमचा न्हाय. त्याच्यातनं सुटलेला इलेक्ट्रॉन अमोनियात मोकळा हिंडतोय, त्याचा हाय." रंग संध्याकाळपर्यंत टिकला तर मोजमापं पुरी होणार होती, त्यांच्या प्रबंधाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. तेवढ्यात त्यांच्या तासाची घंटा झाली. "नुसतं बघत बसा. हात लावू नका!"

बघत बसणं मला कधी जमलंय? रंग वर दाट, खाली फिका दिसला. दूध नीट न मिसळलेल्या चहासारखा. टेबलावर त्यांच्या सायकलचा मोडका, गंजका स्पोक पडला होता. त्यानं जरा ढवळलं. बुडबुडे उठले, रंग विटत गेला, आणि भांड्यात पाण्यासारखं काहीतरी उरलं. मी स्पोक खिडकीच्या कट्ट्यावर टाकला.

दाजी आले. "हे काय झालं?"

"आपोआप गेला की!" मी म्हणालो.

त्यांनी उभ्यानंच भांडं खिडकीच्या उजेडात धरलं. "माझाच अमोनिया अशुद्ध असणार," एवढंच बोलले. मुदत उलटली, प्रबंध राहिला. पुढे मी कधीही गेलो की ते स्वतः चहा आणून देत, बिनचमच्याचा. "ढवळू नका, मेव्हणं. ढवळलेलाच हाय." मला वाटायचं, केवढा हा पाहुणचार!

तेराव्यानंतर अक्कानं त्यांचं कपाट आवरायला सांगितलं. त्यात ते काचेचं भांडं होतं, आत कागदात गुंडाळलेला तो स्पोक. कागदावर त्यांचं बारीक अक्षर : 'रंग गंजामुळे गेला. अमोनिया शुद्ध होता. कोणास सांगू नये.' त्यांना हे कधी कळलं? त्याच दिवशी, माझ्यासमोर उभे असताना? तो कागद वाचल्यापासून डोळे मिटले की तो निळा दिसतो... आणि विटत जातो.

अक्का चहा घेऊन आली. बशीत चमचा नव्हता. "ढवळलाय रे," ती सवयीनं म्हणाली. पहिला घोट अगोड लागला. साखर तळाशीच होती. मी तसाच प्यायलो.