रक्तातला गुडघा

दौंडला मी दुसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की थांबायचं, हे ठरवायचं होतं. एक्स-रेत झीज मध्यम दिसत होती. दुखणं त्याहून बरंच जास्त होतं.

शिरूरच्या एका दवाखान्यात गुडघ्याच्या रुग्णांचा अभ्यास चालू होता. सांध्यातली कूर्चा झिजते तेव्हा तिचे सूक्ष्म अंश रक्तात उतरतात. त्यांच्या प्रमाणावरून झीज किती आहे याचा अंदाज येतो का, हे तिथं तपासत होते. मी नाव दिलं. आकडा आला की निर्णय आपोआप होईल, असं मला वाटलं होतं.

चालल्यानं हे प्रमाण वाढतं, म्हणून रक्त देण्याआधी अर्धा तास बसून राहा, असं सिस्टरनं सगळ्यांना बजावलं. माझ्या शेजारी बसलेले एक म्हातारे शेतकरी, सोबत आलेली सून बाहेर जाताच उठले आणि व्हरांड्यात फेऱ्या मारू लागले.

"आप्पा, बसायला सांगितलंय," मी म्हणालो.

"गार इंजनावर मिस्तरीला काय कळनार? जरा तापू द्या की."

सून परत आली. "घरी चाला म्हनलं की गुडघा दुखतो, आन् हितं परेड चाललीय व्हय?"

सिस्टरनं त्यांचं रक्त घेतलंच नाही. पुढच्या आठवड्यात बोलावलं. "बघा, माझी अजून एक खुरपणी बुडाली," सून मला म्हणाली. बोलता बोलता तिनं आपली पिशवी सासऱ्यांच्या पायाखाली सरकवली.

माझं रक्त नियमाप्रमाणे घेतलं गेलं.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी आकडा दाखवला. "इतरांच्या मानानं जास्त आहे. पण एवढ्यावरून ऑपरेशन ठरत नाही. हे अजून अभ्यासापुरतंच. त्रास किती होतो ते सांगा."

जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरावा लागतो, झोप मोडते, हे मी सांगितलं.

"मग करून घ्या. सुरुवातीचे काही आठवडे घरी सोबत कोण असेल?"

बहीण माझ्याहून मोठी आहे आणि तिचेही गुडघे गेलेले आहेत. दुसरं नाव सुचलं नाही.

"सध्या थांबू," मी म्हणालो. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

दौंडला एसटीतून उतरलो आणि थेट घरमालकांकडे गेलो. तळमजल्यावरची मागची खोली मला मिळेल का, असं विचारलं.

"ती लई लहान हाय," ते म्हणाले. "एकच कॉट बसती."

"चालेल," मी म्हणालो.