शेवऱ्याचं आवतन

दगडोबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात बसून सशाच्या लेंड्या तळहातावर चुरगाळून बघत होते. मी एस.टी.त चौतीस वर्षं काढलेला माणूस. कंट्रोलरच्या खिडकीतून तऱ्हेतऱ्हेचं पब्लिक पाहिलंय, पण हे नवीन होतं.

"काय बघून राहिलाव?" मी विचारलं.

"कालच्यापरीस बारीक हायेत. पाणी कमी पेलंय गडी," असं म्हणून त्यांनी हात धोतराला पुसला आणि मला रामराम घातला. मी लांबूनच घेतला.

पुढे ओळख वाढली तसं कळलं की या माणसाची उभी नोकरी देवणीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली होती. हुद्दा व्रणोपचारक, म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि बैल पाडून धरायचा. खरे डॉक्टर बदलीवर यायचे आणि जायचे, दगडोबा तिथंच. त्यामुळे गावोगावचे लोक त्यांनाच डाक्टर म्हणत. त्यांची ख्याती एका गोष्टीसाठी होती. बैल फुगला की मालक हमखास सांगायचा, नुसता कडबा खाल्लाय जी. मग दगडोबा बैलाच्या तोंडाला नाक लावायचे आणि म्हणायचे, "ज्वारीचं पोतं फोडलंय ह्यानं. खरं सांग. मुकं जनावर काय सांगंल? सांगायचं काम तुझं हाय." मालकाची मान खाली जायची. असं कितीजणांना पकडलं, हे ते मला मोठ्या चवीनं सांगत.

बायको गेली, शेवटची बैलजोडी विकली, आणि दगडोबा लातूरला मुलाच्या फ्लॅटवर आले. मुलगा अमरनाथ संभाजीनगरच्या कंपनीत, महिन्यातून दोनदा यायचा. घरात राहिले सासरा आणि सून. सून तनुजा इथल्या एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते. वर्गात दीडशे पोरांना गप्प बसवणारी ही बाई घरात सासऱ्यापुढे चार शब्द बोलत नसे. तेही बोलत नसत. दोघं इतक्या अदबीनं वागायचे की मला शेजारच्या माझ्या फ्लॅटमध्ये गुदमरायला व्हायचं.

त्या दोघांमध्ये बोलायला एकच विषय होता, तनुजाचा ससा. लग्नाआधीपासून तिच्याजवळ होता. ती त्याला कापूस म्हणायची. पण पांढऱ्या अंगावर काळे ठिपके बघून दगडोबांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, शेवऱ्या. देवणी बैलांत असल्या ठिपक्यांच्या बैलाला शेवरा म्हणतात. "मामा, शेवऱ्यानं घास खाल्ला का?" "हाव, खाल्ला." एवढ्यावर त्या घरातला दिवस निघायचा, आणि कापूस हे नाव तिनंही कधी सोडलं ते तिला कळलं नसावं.

तिनं फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. सशाला काय द्यायचं, म्हणजे लसूणघास, आणि काय नाही. खालच्या ओळीवर दोन रेघा मारलेल्या: गोड नाही, पीठ नाही, पोळी-भाकरी नाही. दगडोबांना तो कागद पाठ होता.

मग पोळा आला. बैल नसलेला त्यांच्या आयुष्यातला पहिला पोळा. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं मळायचे आणि त्याच्या कानात जेवायचं आवतन द्यायचं, ही आपल्याकडची रीत. म्हातारा माणूस, हात शिवशिवले असतील. त्यांनी गॅलरीत बसून शेवऱ्याच्या बोटभर खांद्यांना हळद-लोणी चोळलं आणि म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाया ये." आता आवतन दिलेलं जनावर उपाशी कसं ठेवायचं? शब्द तो शब्द. दुसऱ्या दिवशी तनुजानं सासऱ्यासाठी हौसेनं पुरणपोळ्या केल्या होत्या. ती ओट्याशी होती तेवढ्यात त्यांनी चतकोर पोळी तूप लावून शेवऱ्यापुढे धरली. मनात हिशेब बैलाचा, बैल पाच पोळ्या खातो, ह्याला चतकोरानं काय होतंय? त्यानं ती मिटक्या मारत खाल्ली म्हणून आणखी चतकोर दिली. हे सगळं मला नंतर कळलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सातला, माझी बेल वाजली. दारात तनुजा उभी होती आणि तिच्या हातात टॉवेल होता.

"अप्पा, गाडी चालू आहे ना तुमची? शेवऱ्या उठत नाहीये."

मी आपला सवयीनं म्हणालो, "अगं, सशासाठी गाडी? मागं माझी कंबर धरली होती तेव्हा मला रिक्षा मिळाली नव्हती." तिनं टॉवेलाची घडी उघडून आतला ससा दाखवला. तिचे डोळे बघून मला माझी लाज वाटली आणि मी किल्ली घेतली.

ससा टॉवेलात गोळा होऊन दात खात होता. रात्रभरात एकही लेंडी नव्हती. दगडोबा रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि मला वाटलं, किती जीव लागलाय म्हाताऱ्याचा.

डॉक्टर शोधायचा म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी समजलं. बैलाला डॉक्टर आहे, म्हशीला आहे, श्रीमंताच्या कुत्र्याला आहे. सशाला कोण? दगडोबांच्या ओळखीचे उदगीरचे डॉक्टर पोळ्याला गावी गेले होते. तनुजानं मोबाईलवर लातूरचे दवाखाने काढले आणि चांदण्या मोजून क्रम लावला. साडेचार चांदण्यांचा पहिला निघाला कुत्र्यांच्या खाद्याचं दुकान. डॉक्टर तिथं गुरुवारी येतात म्हणे. दुसऱ्यानं फोनवरच सांगितलं, "ताई, मी कुत्री-मांजरं बघतो, ससा शिकलोय पण हात लावलेला नाही." त्या माणसाचा मला राग आला नाही, निदान खरं बोलला. तिसऱ्याचा फोन वाजून वाजून बंद झाला.

चौथ्याला तीनच चांदण्या होत्या. तनुजा नको म्हणत होती. "चांदण्या सोड," दगडोबा मागच्या सीटवरून म्हणाले. "डाक्टरची नखं बगायची. आन् तो आदी कुणाकडं बगतो ते बगायचं, जनावराकडं का मालकाच्या चपलेकडं." त्यांनी आयुष्यात पंधरा-वीस डॉक्टर हाताखालून घातले होते, म्हणजे कागदावर तेच डॉक्टरांच्या हाताखाली होते. आम्ही गेलो. हा डॉक्टर मुळात गाई-म्हशींचा, घराच्याच पुढच्या खोलीत बसणारा. नखं कापलेली होती, आणि त्यानं आमच्याकडे न बघता आधी टॉवेल उघडला. मी दगडोबांकडे बघून मान हलवली. मला वाटलं, सापडला.

डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "काय खाल्लंय? गोड, पीठ, पोळी असलं काही?"

तनुजानं सासऱ्याकडे पाहिलं. दिवसभर ससा त्यांच्याकडेच असायचा.

"न्हाई," दगडोबा म्हणाले. "घासच."

"नक्की?"

"घासच जी."

"मग पोट रिकामं पडलंय. भरवत राहा. दर अर्ध्या तासाला घास वाटून सिरिंजनं तोंडात द्या. दुपारपर्यंत फरक नाही पडला तर नांदेडला जा, तिथं एक बाई आहेत, ससे-पक्षी त्याच बघतात." त्यांनी नंबर लिहून दिला. त्या माणसाचं काहीही चुकलं नाही, हे मी इथं मुद्दाम सांगतो.

घरी येऊन तनुजा भरवू लागली. एक सिरिंज, दुसरी सिरिंज. दगडोबा समोर बसून बघत होते. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "उगं थांब जरा. लई नको देऊस."

"डॉक्टर म्हणालेत ना, मामा."

चाळीस वर्षं फुगलेली जनावरं पाहिलेला माणूस, भरलेल्या पोटात आणखी घालू नये हे त्यांना कळत नव्हतं? पुरतं कळत होतं. पण तेवढं बोलायचं तर मागचंही बोलावं लागलं असतं. सुनेनं दोन रेघा मारून लिहिलेली ओळ आपण मोडली, हे सुनेला सांगायचं. जीभ टाळ्याला चिकटते म्हणतात तशी त्यांची चिकटली होती. दहाच्या सुमारास शेवऱ्याचं पोट नजरेला येईल इतकं वर आलं आणि त्यानं मान टाकली.

तनुजानं नांदेडला फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. तनुजा क्षणभर थांबली, सासऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "घास. घासच खाल्लाय."

त्या थांबण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

लातूर ते नांदेड, माझी म्हातारी गाडी आणि तो रस्ता. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. दगडोबा मांडीवर टॉवेल घेऊन बसले होते आणि पुटपुटत माहूरच्या रेणुकेला साकडं घालत होते. "माय, एवढ्यातून काढ. तुजा डोंगर अनवानी चढून येतो." तनुजा दर पाच मिनिटांनी मागे वळून, "श्वास आहे का?" विचारायची आणि ते "हाय," म्हणायचे. लोह्याच्या अलीकडे ट्रक आडवा झालेला. चाळीस मिनिटं गाडी जागची हलली नाही. मी उतरून ट्रकवाल्याला, पोलिसाला, जमलेल्या बघ्यांना, सगळ्यांना शिव्या घातल्या. "अप्पा, काय झालंय, पेशंट आहे का?" एकानं विचारलं. आहे म्हणालो. कोण आहे ते सांगितलं नाही. सशासाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलंय हे सकाळच्या मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

नांदेडला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. डॉक्टर शिवगंगा तिशीच्या असतील, नखं कापलेली, आणि आम्हाला नमस्कारसुद्धा न करता त्यांनी शेवऱ्याला टेबलावर घेतलं. पोटावर बोटानं टिचकी मारली. आवाज ढोलकीसारखा आला. त्यांनी मान वर केली.

"हे घासाचं पोट नाही. आत पीठ आंबलंय, गॅस कोंडलाय. आणि वरून भरवलंत का?"

तनुजानं मान डोलावली.

"मला कुणाला रागवायचं नाही. पण खरं काय खाल्लं ते मला आत्ता पाहिजे."

"पुरणपोळी."

एकच शब्द, पण दोन आवाज. दगडोबा बोलले आणि त्याच क्षणी तनुजा बोलली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या फ्लॅटमध्ये इतक्या महिन्यांत त्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत असं पाहिलं नसेल.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, तोंडातून बारीक नळी घातली, गॅस काढायचा प्रयत्न सुरू केला. "कुणीतरी धरा, हलू देऊ नका." दगडोबा पुढे झाले. ज्या हातांनी उधळलेले बैल दाव्यानं पाडले होते त्या हातांनी त्यांनी दीड किलोचा जीव धरला. पकड बरोबर होती, ना सैल, ना घट्ट. पाच मिनिटं झाली असतील. बाई नळीकडे बघत होत्या.

"सोडा आता बाई," दगडोबा म्हणाले. "गेला."

त्यांना हातालाच कळलं होतं. बाईंनी स्टेथोस्कोप लावला आणि काढला.

"हे सकाळी लातुरात सांगितलं असतं," त्या हळू म्हणाल्या, "तर त्यांनी भरवायला सांगितलंच नसतं. वाचला असता का माहीत नाही. पण संधी होती."

बाहेर बाकावर दगडोबा बसले ते दोन्ही हात उताणे मांडीवर ठेवून. तनुजा शेजारी बसली. मी मुद्दाम लांब उभा राहिलो, पण ऐकू येत होतं.

"तुला ठावं होतं?"

"काल संध्याकाळीच दिसलं, मामा. त्याच्या मिशांना पुरण लागलं होतं. खांद्याला हळद."

"मग बोलली का न्हाईस गं? डाक्टरफुडं तरी बोलायचं!"

"तुम्ही घास म्हणालात. तुम्हाला डॉक्टरपुढं खोटं कसं पाडू?" आणि मग दीडशे पोरांना गप्प बसवणारी ती बाई रडायला लागली. "मी त्याला भरवत राहिले, मामा. माहीत असून भरवत राहिले. वाटलं, तुम्ही आता सांगाल, आता सांगाल."

दगडोबांनी कपाळावर हात मारून घेतला, एकदा, दोनदा. तिनं त्यांचा हात धरला. मला राग आला होता, दोघांचाही, त्या मेल्या अदबीचा, आणि सकाळपासून शेजारी राहून काहीच न कळलेल्या माझाही. पण कुणावर काढणार?

शेवऱ्याला त्यांनी देवणीच्या शेतात बांधावर पुरलं, त्यांच्या पूर्वीच गेलेल्या म्हाताऱ्या बैलाशेजारी. माहूरचा डोंगरही ते अनवाणी चढून आले. मी म्हणालो, नवस फळला नाही तर कशाला? म्हणाले, "आईकडं खोटं कबूल करायचं होतं."

गावाकडून अजून फोन येतात. बैल खात न्हाई डाक्टर, म्हैस फुगली डाक्टर. पूर्वी ते मालकाला पकडायचे आणि मला चवीनं सांगायचे. आता म्हणतात, "बाबा, खरं काय ते सांग. लाजू नको. मी बी घासच म्हनलो होतो." समोरचा गोंधळतो, पण बहुतेक वेळा सांगून टाकतो.

आणि पलीकडच्या फ्लॅटमधून आता भांडणं ऐकू येतात. दगडोबांना साखर निघाली आहे. काल सकाळी चहा घेताना भिंतीपलीकडून तनुजाचा वर्गातला आवाज आला, "मामा, गोळी घेतली का? खरं सांगा."

कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग म्हातारा म्हणाला, "न्हाई घेतली."